आनंदीबाईंचा अर्ज

डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्याविषयी मराठीत थोडे लिहिले गेले आहे असे कोणी म्हणणार नाही. काशीबाई कानिटकरांचे चरित्र, श्री. ज. जोशी ह्यांची १९६८ सालची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी, तिच्यावरून राम जोगळेकरांनी केलेले नाटक, अंजली कीर्तने ह्यांचा १९९७ सालचा संशोधनग्रंथ आणि २०१९ साली समीर विद्वांस ह्यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट, एवढे तरी सहज आठवते. इतके वाङ्मय ज्या व्यक्तीभोवती जमले तिच्याविषयी आणखी काही लिहावयाचे तर त्याचे कारण सांगितले पाहिजे. आमचे कारण शाळेतले आहे, आणि ते सांगताना आमच्या पदरी थोडा कमीपणा येतो. पण त्यास इलाज नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात आनंदीबाईंच्या आयुष्यावरचा एक लहानसा प्रवेश आम्ही बसविला होता. हैदराबादेतल्या मराठी शाळेत असा प्रवेश बसविणे म्हणजे काय, हे येथील शिक्षकबंधूंना सांगावयास नको. संवाद देवनागरीत लिहून दिले तरी निम्मी मुले ते घरी जाऊन इंग्रजी अक्षरांत उतरवून पाठ करतात. तशाही स्थितीत मुलांनी उत्तम तयारी केली. ऐनवेळी पाहुण्यांना उशीर झाला, कार्यक्रम लांबला, आणि काहीतरी गाळणे भाग पडले. तेव्हा पुस्तक भिरकावणारे गोपाळराव आणि कोपऱ्यात मान खाली घालून बसलेली आनंदी हा प्रसंग आम्ही ठेवला, आणि अमेरिकेतल्या महाविद्यालयास आनंदीबाईंनी पाठविलेल्या अर्जाचे वाचन गाळले. पहिल्यात नाट्य होते. दुसरे म्हणजे एक पत्र. आमच्या निवडीस टाळ्याही मिळाल्या.

प्रवेश संपल्यावर आनंदीचे काम करणारी दहावीतील मुलगी आमच्याकडे आली. तिचा थोरला भाऊ त्याच वर्षी शिकावयास अमेरिकेत गेला होता, त्यामुळे घरात अर्ज, व्हिसा, शिष्यवृत्ती हेच विषय. ती म्हणाली, "सर, तुम्ही ते पत्र काढलं. त्यात काय होतं? तिला प्रवेश कशावर मिळाला?" आम्ही मुख्याध्यापकी सवयीने उत्तर दिले, "जिद्दीवर, बाळ." त्यावर तिने विचारले, "पण जिद्द कागदावर कशी लिहिली तिने?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. आनंदीबाईंवरची बहुतेक पुस्तके आम्ही वाचली होती. वीस-बावीस वर्षे वर्गात त्यांच्याविषयी बोलत होतो. गोपाळरावांचा हट्ट, नऊ वर्षांच्या वधूचे शिक्षण, चौदाव्या वर्षी झालेले आणि दहा दिवसांत गेलेले मूल, आगबोट, क्षय आणि एकविसाव्या वर्षीचा मृत्यू, हे सर्व आम्हांस तोंडपाठ होते. अठरा वर्षांच्या एका परकीय मुलीने एका लहानशा महाविद्यालयाकडे जागा मागितली ती कोणत्या शब्दांत, हे मात्र आम्ही कधी लक्षपूर्वक पाहिलेच नव्हते. हा दोष सर्वस्वी आमचाच असता तर तो ह्या पानांवर मांडण्याचे कारण नव्हते. परंतु मागे वळून ती पुस्तके पुन्हा चाळली तेव्हा असे दिसले की, आमच्या वाङ्मयानेही बरेचसे तेच केले आहे. जे आम्ही वेळेअभावी गाळले ते त्याने आवडीने गाळले.

वस्तुतः ह्या कथेत अर्ज एक नसून दोन आहेत, आणि सारे मर्म त्या दोहोंच्या मधल्या पाच वर्षांत आहे. पहिला अर्ज १८७८ सालचा. तो गोपाळरावांचा. टपालखात्यातील हे गृहस्थ त्या वेळी कोल्हापुरास होते. मिशनऱ्यांच्या द्वारा त्यांनी अमेरिकेशी पत्रव्यवहार मांडला: पत्नीला शिकवावयाचे आहे, त्यासाठी तिकडे यावयाचे आहे, आपणांस तेथे काही काम मिळेल काय? कोल्हापुरात पूर्वी काम केलेले रेव्हरंड वाइल्डर ह्यांनी तो पत्रव्यवहार आपल्या 'मिशनरी रिव्ह्यू' ह्या नियतकालिकात छापला आणि त्यासोबत जे उत्तर दिले त्याचा रोख गोपाळरावांनी ख्रिस्ती व्हावे असा होता. अर्ज म्हणून तो निष्फळ ठरला. त्याचे एक अनपेक्षित फळ मात्र निघाले. १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती थिओडोशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहात बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला, आणि त्यांनी त्या अनोळखी हिंदू मुलीस पत्र लिहिले. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

आता ह्या पहिल्या अर्जाचे व्याकरण पाहावे. त्यात 'मी' आहे तो नवऱ्याचा. शिकणारी व्यक्ती त्यात द्वितीया विभक्तीत आहे: तिला शिकवावयाचे आहे. दुसरा अर्ज २८ जून १८८३ चा, रोझेलहून आनंदीबाईंनी स्वतः लिहिलेला. महाविद्यालयाच्या व्यवस्थापनातील आल्फ्रेड जोन्स ह्या गृहस्थांना तो पाठविलेला असून फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय दप्तरखान्यात तो आजही जपलेला आहे. त्यात शिकणारी व्यक्ती प्रथमेत आली आहे. द्वितीयेपासून प्रथमेपर्यंतचा हा प्रवास कलकत्ता ते न्यूयॉर्क ह्या सागरी प्रवासापेक्षा लांबचा होता असे आम्हांस वाटते. आमच्या कादंबरीने, नाटकाने आणि चित्रपटाने पहिल्या अर्जदारास अमर केले. दुसऱ्या अर्जदाराची त्यांच्याकडून उपेक्षा झाली.

दोन अर्जांच्या मध्ये एक पायरी आहे आणि तिचा विचार केल्यावाचून दुसरा अर्ज नीट कळत नाही. गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाल्यावर २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूरच्या महाविद्यालयाच्या दिवाणखान्यात, आनंदीबाईंनी इंग्रजीत एक व्याख्यान दिले. अमेरिकेतील चरित्रलेखिका कॅरोलाइन डॉल ह्यांच्या १८८८ सालच्या पुस्तकात ते छापलेले आहे. व्याख्यानाची रचना आम्हां शिक्षकांना आवडावी अशी आहे. लोक आपणांस जे प्रश्न विचारतात ते सहा प्रश्न त्यांनी क्रमाने मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेस का जाता? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकट्या का जाता? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचे काय? तेथे काही बरेवाईट झाले तर? आणि आजवर आपल्यातील कोणा बाईने जे केले नाही ते तुम्हीच का करावे? आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, हेही त्यांनी तेथे स्पष्ट केले. वाइल्डरसाहेबांना पाच वर्षांनी मिळालेले ते उत्तर होय.

ह्या सहा प्रश्नांपैकी एकही आजच्या पालकाला अपरिचित नाही. 'तेथे काही बरेवाईट झाले तर' हा पाचवा प्रश्न आमच्या कचेरीत दरवर्षी कोणी ना कोणी आई विचारते. परंतु येथे मुद्दा निराळा आहे. ज्या मुलीने अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी भर सभेत उभे राहून स्वतःविरुद्धचे सर्व आक्षेप स्वतःच मांडले, तिच्यातील विद्यार्थिनी आता कोणाच्या धाकाने अभ्यास करणारी राहिली नव्हती. ती विचार रचू लागली होती. कादंबरीकाराच्या हाती हे केवढे मोठे साहित्य होते! पण कादंबरीत हा क्षण गोपाळरावांच्या प्रयोगास आलेले यश म्हणून मनावर उमटतो, तिच्या बुद्धीचा पहिला स्वतंत्र व्यापार म्हणून नव्हे.

७ एप्रिल १८८३ रोजी 'सिटी ऑफ कलकत्ता' ह्या आगबोटीने त्या निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. नवरा बरोबर नव्हता. तीन आठवड्यांनी त्यांनी अर्ज लिहिला.

अर्ज लहान आहे. त्यातील शब्द येथे उतरविण्यापेक्षा त्याची बांधणी सांगणे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते, कारण त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर बांधणीत आहे. अर्जदार प्रथम आपले उणे सांगते: प्रवेशासाठी ज्या अटी आहेत त्या सर्व आपल्याकडून पुऱ्या होतीलच असे नाही. लगेच दुसरे पाऊल: आपले प्रकरण नेहमीचे नाही, तेव्हा आपल्याबाबतीत उदारपणाने विचार व्हावा. तिसरे: आपली प्रकृती चांगली आहे. चौथे: आप्तांचा आणि जातीचा एकवटलेला विरोध असताना ज्या निश्चयाने आपणांस ह्या देशापर्यंत आणले, तोच निश्चय पुढील कामीही उपयोगी पडावा. आणि मग हेतू: आपल्या देशातील स्त्रिया पुरुष वैद्याच्या हातून उपचार करून घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना खरी वैद्यकीय मदत मिळावी.

ह्यात 'जिद्द' कोठे आहे? ती दाव्याच्या रूपाने जवळजवळ नाहीच. 'मी जिद्दी आहे' असे म्हणणाऱ्यावर कोणी विश्वास का ठेवावा? आनंदीबाई निश्चयाचे नाव काढतात तेव्हा त्याच वाक्यात त्याचा पुरावाही देतात, आणि तो पुरावा म्हणजे पत्राच्या माथ्यावरील रोझेल हे गावाचे नाव. आपण येथे येऊन पोहोचलो आहोत, यापलीकडे त्यांना काही सिद्ध करावयाचे नाही. गद्य म्हणून ह्या वाक्याचे मोल फार आहे. परभाषेत, अवघ्या काही वर्षांच्या अभ्यासावर, ज्याला असे वाक्य साधते त्याला तर्काचे शिक्षण उत्तम मिळाले आहे किंवा ते त्याच्या अंगचेच आहे असे मानावे लागते. ह्याच्या तुलनेत पत्राचा शेवट आम्हांस कमी आवडतो. तेथे मानवतेचा आवाज वगैरे भाषा आली आहे, ती त्या काळच्या इंग्रजी सभांतून उचललेली वाटते. पण अठराव्या वर्षी लिहिलेल्या अर्जात एवढे चालावयाचेच.

प्रकृतीविषयीचे विधान मात्र आज निर्विकारपणे वाचता येत नाही. ते लिहिल्यापासून तीन वर्षे आणि आठ महिन्यांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे क्षयाने निधन झाले.

आणखी एक गोष्ट येथेच नोंदविली पाहिजे. आनंदीबाई वैद्यक शिकल्या त्या आपल्या बाळाच्या मृत्यूमुळे, असे आम्ही शाळांतून सांगतो आणि नाटक-चित्रपटांनीही ते मनावर ठसविले आहे. ते दुःख खरे आहे, आणि त्याचा त्यांच्या निर्णयाशी संबंध असणे स्वाभाविक आहे. परंतु त्यांनी स्वतः अर्जात पुढे केलेले कारण निराळे आहे. ते एका आईचे खाजगी दुःख नव्हे. देशातील स्त्रियांच्या स्थितीविषयीचे ते एक निरीक्षण आहे. लेखकाला व्यक्तिगत कारण अधिक भावते, कारण ते रंगभूमीवर दाखविता येते. अर्जदाराने जे कारण निवडले त्याचा मान राखावयाचा की आपण तिच्यापेक्षा तिचे मन अधिक जाणतो असे समजावयाचे, हा टीकेचा प्रश्न आहे. आम्ही पहिल्या बाजूचे आहोत.

ज्या संस्थेकडे हा अर्ज गेला ती संस्था लहान होती, आणि तिचे लहानपण ह्या कथेत महत्त्वाचे आहे. पेनसिल्व्हेनियाचे हे स्त्रियांचे वैद्यक महाविद्यालय १८५० साली स्थापन झाले. स्त्रियांना वैद्यक शिकविणेच तेथील पुष्कळांना मान्य नव्हते. १८६९ साली येथील विद्यार्थिनी फिलाडेल्फियाच्या एका मोठ्या रुग्णालयात व्याख्यानास गेल्या असता पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडविली होती. ज्या संस्थेला स्वतःलाच दाराबाहेर उभे राहण्याचा अनुभव आहे ती दुसऱ्याला दार उघडताना प्रमाणपत्रांकडे थोडे कमी आणि माणसाकडे थोडे अधिक पाहते. अधिष्ठात्री रेचेल बॉडली ह्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. त्यांनी ह्या परकीय मुलीस प्रवेश दिला, शिष्यवृत्तीची व्यवस्था केली, आणि पुढे पंडिता रमाबाईंच्या 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' ह्या पुस्तकास प्रस्तावना लिहिताना आपल्या ह्या विद्यार्थिनीची आठवण जागविली. कोणा मोठ्या, गडगंज विद्यापीठात हा अर्ज गेला असता तर तो अटींच्या पहिल्याच चाळणीत अडकला असता असे आमचे अनुमान आहे.

तेथील १० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत: साडीतल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या सबात इस्लामबुली. ओकामी १८८९ साली आणि इस्लामबुली १८९० साली पदवीधर झाल्या. आमच्याकडे हे चित्र बहुधा अभिमानाने छापले जाते आणि डावीकडच्या आकृतीवर बोट ठेवून वाचक पुढे जातो. पण त्यात आनंदीबाई एकट्या नाहीत हेच त्याचे मर्म आहे. परदेशी विद्यार्थ्याच्या आयुष्यात दुसरा परदेशी विद्यार्थी किती मोलाचा असतो! ओकामींना मायदेशी परतल्यावर रुग्णालयात वरचे पद मिळाले. परंतु सम्राटांच्या भेटीच्या वेळी स्त्री म्हणून त्यांना सामोरे येऊ दिले गेले नाही आणि त्यांनी ते पद सोडले असे सांगतात. कादंबरीने ह्या दोघींना आनंदीबाईंच्या शेजारी बसवून घटकाभर बोलू दिले असते तर? मराठी कादंबरीला एक निराळेच दालन उघडले असते.

तेथील दैनंदिन जीवनाविषयी आनंदीबाईंची पत्रे पुष्कळ सांगतात. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, हे तिकडच्या शिष्टाचाराला आणि थंडीलाही सोसणारे नव्हते. म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसावयास सुरुवात केली, आणि तो बदल नवऱ्याला पत्रातून कळविला. मांसाहार वर्ज्य असल्यामुळे अन्नाचे हाल. ह्यापेक्षाही बोलके आहे ते त्यांचे गोपाळरावांना लिहिलेले एक पत्र. लहानपणी मिळालेल्या माराविषयी, अंगावर फेकलेल्या वस्तूंविषयी, सोडून जाण्याच्या धमक्यांविषयी त्या तेथे बोलतात, आणि त्या वागणुकीचा जणू न्यायनिवाडा करतात: अंतिम हेतू पाहिला तर ती योग्य म्हणावी लागेल, पण बालमनावर होणारा परिणाम पाहिला तर ती चूकच होती असे न्यायाने कबूल करावे लागते. अर्जातल्याप्रमाणेच येथेही दोन्ही बाजू मांडलेल्या आहेत. उपकार विसरलेला नाही आणि घावही झाकलेला नाही. नवऱ्याकडे असे पत्र लिहिणारी स्त्री त्याच्या हातची मूर्ती उरलेली नाही. त्या काळच्या मराठी पत्रव्यवहारात ह्या तोलाचे दुसरे पत्र आमच्या पाहण्यात नाही.

श्री. ज. जोशींच्या कादंबरीवर आम्ही अन्याय करू इच्छीत नाही. ती आमच्या तरुणपणीची आवडती कादंबरी, आणि आजही ती हातात घेतली की खाली ठेववत नाही. विक्षिप्त, तापट, स्वतःच्या कल्पनेने झपाटलेला आणि अखेर आपल्याच यशाने दुखावलेला नवरा ही व्यक्तिरेखा मराठीत दुसरी नाही. कादंबरीकाराला केंद्र निवडण्याचा हक्क आहे, आणि त्याने ते नावातच जाहीर केले आहे: दोन नावे, मध्ये काही नाही. आमची तक्रार अशी की, ह्या निवडीचा परिणाम पुढच्या सर्व कलाकृतींवर झाला. नाटकाने आणि चित्रपटाने तेच नाव आणि तेच केंद्र घेतले, आणि चित्रपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक नवऱ्याविषयी बोलतच बाहेर पडतो. शिकणे ही क्रियाच पडद्याआड गेली. शवविच्छेदनाचा पहिला दिवस, परभाषेतले व्याख्यान टिपून घेण्याची धडपड, परीक्षेच्या आदल्या रात्री चढलेला ताप, ह्यांतही नाट्य आहे. पण ते शोधण्यासाठी लेखकाला अभ्यासाविषयी आस्था हवी. ११ मार्च १८८६ च्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या हे बहुतेक वाचकांच्या लक्षात राहते. आनंदीबाईंनी पदवीसाठी प्रबंध लिहिला तो 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र' ह्या विषयावर, हे किती जणांना आठवते? आपल्याकडचे जुने ज्ञान परक्या वर्गात नेऊन तेथील ज्ञानाशेजारी ठेवणारी ही विद्यार्थिनी नुसती घेणारी नव्हती, देणारीही होती.

ह्या दृष्टीने काशीबाई कानिटकरांचे चरित्र आम्हांस अजूनही सर्वांत जवळचे वाटते. त्याची पहिली आवृत्ती १८८९ ची, दुसरी १९१२ ची. त्यात दोष नाहीत असे नाही. आदराचा सूर अनेकदा टीकाबुद्धीवर मात करतो, आणि उपदेश करण्याची तत्कालीन सवय काशीबाईंनाही सुटलेली नाही. परंतु त्यांनी एक गोष्ट केली, ती म्हणजे आनंदीबाईंची पत्रे पुस्तकात घेतली आणि चरित्रनायिकेला बोलू दिले. ह्याचे कारण उघड आहे. काशीबाई स्वतः लग्नानंतर, घरच्यांच्या चोरून, अक्षर-अक्षर जुळवीत शिकल्या. शिकण्यास काय पडते ते त्यांना ठाऊक होते. पुरुष लेखकांना शिकविणारा दिसला. काशीबाईंना शिकणारी दिसली. अंजली कीर्तने ह्यांनी शंभर वर्षांनंतर कागदपत्रांचा माग काढून ही बाजू पुष्कळ भक्कम केली. पण शाळांच्या ग्रंथालयांत कादंबरीच्या प्रती झिजलेल्या असतात आणि कीर्तने ह्यांचा ग्रंथ, असलाच तर, कोरा करकरीत असतो. आमच्या ग्रंथालयात तो परवापरवापर्यंत नव्हता.

परदेशी विद्यार्थ्याने स्वतःच लिहिलेले मराठी पुस्तक पाहावयाचे तर धर्मानंद कोसंबींच्या १९२४ सालच्या 'निवेदना'कडे जावे. गोव्याचा हा तरुण बुद्धाच्या धर्माचे ज्ञान मिळवावे ह्या एकाच ध्यासाने पुणे, काशी, नेपाळ असा भटकत १९०२ साली सिलोनला पोहोचला आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकला. तेही एक लहानच विद्यालय, धर्म निराळा, भाषा निराळी. कोसंबी आपल्या विद्यार्थिदशेविषयी लिहितात ते कसलाही आव न आणता: पैसे किती उरले, प्रकृती कोठे बिघडली, कोणी आसरा दिला. पत्नी आणि तान्ही मुलगी मागे ठेवून आपण निघालो, हेही ते लपवीत नाहीत. त्यामुळे वाचकाला ज्ञानाची किंमत रुपये-आण्यांत कळते. गंमत अशी की, कोसंबींच्या पत्नीवर कोणी कादंबरी लिहिली नाही. पुरुष शिकावयास निघाला की त्याची विद्या हा विषय होतो, स्त्री निघाली की तिचे लग्न हा विषय होतो. आमच्या वाङ्मयाची ही सवय जुनी आहे.

हे सर्व आम्ही हैदराबादेत बसून लिहीत आहो, त्याला अर्थ आहे. परदेशी शिकावयास जाणे ही ह्या शहराची जुनी रीत. १८९५ साली सरोजिनी चट्टोपाध्याय, म्हणजे पुढच्या सरोजिनी नायडू, निजामाची शिष्यवृत्ती घेऊन सोळाव्या वर्षी इंग्लंडला गेल्या. आज तर अमीरपेठेतील एका इमारतीवर मजल्यागणिक परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टन्सीच्या पाट्या आहेत, आणि व्हिसा मिळावा म्हणून चिलकूरच्या बालाजीला मुले अकरा प्रदक्षिणा घालतात. काम झाले की एकशे आठ घालावयाच्या. उलट बाजूने उस्मानिया आणि इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठात आशिया-आफ्रिकेतून विद्यार्थी येतात आणि तार्नाक्याच्या आसपास भाड्याच्या खोल्या शोधतात. तिकडे राहणारे आमचे एक स्नेही सांगत होते की, त्यांनी एका आफ्रिकी विद्यार्थ्याला खोली देण्याआधी पहिला प्रश्न विचारला तो त्याच्या स्वयंपाकाविषयी. श्रीमती कार्पेंटरनी आनंदीबाईंच्या स्वयंपाकाची सोय केली होती, हे त्यांना आम्ही सांगितले. ते हसले, खोली दिली की नाही ते मात्र बोलले नाहीत.

ज्या मुलीने प्रश्न विचारला होता ती ह्या वर्षी बारावीत आहे. अमेरिकेतल्या एका लहान महाविद्यालयासाठी तिने अर्ज केला आहे, आणि मुले ज्याला 'एसओपी' म्हणतात ते आपले हेतुनिवेदन घेऊन ती शिफारसपत्रासाठी आमच्याकडे आली. ते कन्सल्टन्सीत कोणी तरी लिहून दिलेले होते. इंग्रजी निर्दोष, प्रत्येक वाक्यात एक गुण, उणे औषधालाही नाही. त्यात ती कोठेच नव्हती. पुन्हा ती द्वितीयेतच होती, फक्त ह्या वेळी गोपाळरावांच्या जागी एक कचेरी होती. असल्या शिफारसी आम्हीही गेली कित्येक वर्षे साच्यातून काढल्यासारख्या लिहीत आलो आहो, तेव्हा त्या कचेरीस नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस फारसा नाही.

आम्ही तिला आनंदीबाईंच्या अर्जाची प्रत दिली. दोन वर्षे उशिरा. तिने ती तेथेच उभ्याने वाचली आणि विचारले, "सर, आधी उणं लिहायचं? ते म्हणतात, उणं लिहिलं तर नाव काढून टाकतात." आजच्या अमेरिकेतले महाविद्यालय असा अर्ज कसा वाचील ह्याची हमी आम्ही तिला देऊ शकलो नाही, आणि तसे सांगितले. आठवड्याने तिने नवीन निवेदन आणले. त्यात दुसऱ्या परिच्छेदात गणितातल्या गुणांविषयी, आणि वडिलांचे दुकान बंद असताना अकरावीचे एक सत्र आपण जवळजवळ गमावले त्याविषयी, तीन सरळ वाक्ये होती. इंग्रजी पहिल्याहून साधे होते. एके ठिकाणी एक 'द' राहून गेला होता, तो आम्ही घातला नाही. शिफारसपत्र त्याच रात्री लिहिले. तिच्याविषयी आम्हांस प्रत्यक्ष जेवढे ठाऊक आहे तेवढेच त्यात घातले, म्हणून ते पाऊण पानातच संपले.